स्वस्त औषधाला वाली कोण?

जंतुसंसर्गाने ग्रासलेला रुग्ण अतिदक्षता विभागात दाखल होतो. प्रतिजैविके सुरू होतात, ताप उतरणीला लागतो आणि नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात. मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी रुग्णाच्या डोळ्यांत पिवळी झाक दिसू लागते आणि रक्ततपासणीत बिलिरुबिनचा आकडा चढलेला आढळतो. संसर्ग होता फुप्फुसात किंवा मूत्रमार्गात. यकृताचे दुखणे तर रुग्णाला कधीच नव्हते. मग ही कावीळ आली कोठून? या प्रश्नाने वैद्यकशास्त्राला अनेक दशके झुंजविले आहे. त्याच्या एका संभाव्य उत्तराचे नाव मेलाटोनिन. हे उत्तर खरे की खोटे, याचा निर्णायक निकाल लावण्याची तसदी मात्र जगाने अद्याप घेतलेली नाही. या दिरंगाईची किंमत ज्या देशाला सर्वांत जास्त मोजावी लागते, त्या भारतानेच आता पुढाकार घेणे अगत्याचे आहे.

सेप्सिस हा शब्द सर्वसामान्य वाचकाला फारसा परिचित नाही. ‘रक्तात विष पसरले’ असे घरोघरी म्हटले जाते, त्यामागे बहुधा हाच विकार असतो. २०१६ साली जगातील तज्ज्ञांनी त्याची नवी व्याख्या केली. संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसादच बेताल होऊन स्वतःच्या अवयवांवर उलटतो आणि जिवाला धोका निर्माण होतो, ती अवस्था म्हणजे सेप्सिस. शत्रूला पिटाळण्यासाठी निघालेल्या सैन्याने स्वतःच्याच नगरीला आग लावावी, तसा हा प्रकार. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख लोक त्याच्याशी निगडित कारणांनी दगावले, असा अंदाज २०२० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच अंदाजानुसार भारतातील मृत्यूंची संख्या सुमारे २९ लाख होती. जगातील दर चार सेप्सिस-मृत्यूंपैकी एकाहून अधिक मृत्यू भारतात घडतो, असा या आकड्यांचा अर्थ आहे.

द्वारपालच घायाळ होतो तेव्हा

सेप्सिसमध्ये यकृताचे महत्त्व दुहेरी आहे. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतडी आणि पचनसंस्थेच्या अन्य अवयवांकडून येते. त्यासोबत जंतू आणि त्यांची विषद्रव्येही येतात. यकृताच्या सूक्ष्म वाहिन्यांत ठाण मांडून बसलेल्या कुप्फर पेशी ही घाण गिळंकृत करतात. शरीराच्या ऊतींमध्ये कायम वस्तीला असणाऱ्या भक्षक पेशींपैकी बहुसंख्य पेशी एकट्या यकृतात असतात. यकृत हा शरीराचा द्वारपाल आहे, तो या अर्थाने.

परंतु जंतूंचा लोंढा वाढला की याच पेशी अतिरेकी चवताळतात. जंतूंच्या आवरणातील विषद्रव्य पेशीवरील ग्राहकाला चिकटते. तेथून संकेत पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचतो आणि एन.एफ.-कप्पा-बी नावाची कळ दाबली जाते. त्यासरशी टी.एन.एफ.-अल्फा, इंटरल्यूकिन-१ आणि इंटरल्यूकिन-६ ही दाह भडकविणारी रसायने बाहेर पडतात. रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात, ऑक्सिजनचे विध्वंसक कण निर्माण होतात आणि यकृतपेशींतील मायटोकॉण्ड्रिया, म्हणजे ऊर्जा निर्माण करणाऱ्या भट्ट्या, थंडावू लागतात. पित्ताचा निचरा खुंटतो आणि डोळे पिवळे होतात. त्यात रक्तदाब कोसळला असेल, तर प्राणवायूअभावी यकृतपेशी थेट मरू लागतात. मग विषद्रव्यांचा निचरा, रक्त गोठविणाऱ्या प्रथिनांची निर्मिती, साखरेचे नियमन, औषधांचे पचन हे सारेच कोलमडते. जंतू मारण्यासाठी प्रतिजैविके आहेत. या आत्मघातकी दाहावर मात्र यकृत वाचविणारे खात्रीचे औषध आजही वैद्यांच्या हाती नाही.

अंधाराचे संप्रेरक

मेलाटोनिनचा शोध यकृताच्या शोधातून लागलेला नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ आरॉन लर्नर कोडावर उपाय शोधत होते. १९५८ साली त्यांनी गायीगुरांच्या मेंदूतील पिनिअल ग्रंथींतून हे द्रव्य वेगळे केले. रात्रीच्या अंधारात ही ग्रंथी ते स्रवते, प्रकाश पडताच स्राव ओसरतो आणि शरीराला दिवस-रात्रीचे भान राहते. म्हणून त्याची ओळख ‘झोपेचे संप्रेरक’ अशी झाली. विमानप्रवासाने बिघडलेली झोप जुळवून घेण्यासाठी त्याच्या लहान गोळ्या जगभर घेतल्या जातात.

१९९३ साली अमेरिकेत रसेल रायटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या द्रव्याचा दुसरा गुण पुढे आणला. ऑक्सिजनच्या विध्वंसक कणांना निष्प्रभ करण्याची त्याची क्षमता लक्षणीय होती. पुढच्या काळात सेप्सिस झालेल्या उंदरांवर प्रयोगांची रांग लागली. आंधळ्या आतड्याला गाठ मारून सुईने छिद्र पाडायचे, पोटात मळ पसरू द्यायचा आणि अर्ध्या प्राण्यांना मेलाटोनिन द्यायचे, ही या प्रयोगांची रूढ रीत. तुर्कस्तानातील संशोधकांनी २००५ साली घुशीच्या जातीच्या प्रयोगप्राण्यांत यकृतासह अनेक अवयवांची हानी त्यामुळे कमी झाल्याचे नोंदविले. स्पेनमधील ग्रॅनाडा येथील गटाने मायटोकॉण्ड्रियाचे कार्य सावरते आणि दाहाची यंत्रणा शमते, असे दाखविले. चित्र सुसंगत होते. मेलाटोनिन एन.एफ.-कप्पा-बीची कळ सैल करते, दाहक रसायनांचा पूर रोखते आणि ऊर्जेच्या भट्ट्या विझू देत नाही.

माणसांतील पुरावा त्रोटक आहे, पण तो शून्य नाही. इटलीतील मेसिना येथे २००१ साली सेप्सिस झालेल्या वीस नवजात बालकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा बालकांना नेहमीच्या उपचारांसोबत एका तासाच्या अंतराने दहा-दहा मिलिग्रॅम मेलाटोनिन दिले गेले. ती दहाही वाचली. ज्यांना ते दिले नव्हते, त्या दहांपैकी तिघे दगावली. २०१४ साली स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे निरोगी स्वयंसेवकांना २०पासून १०० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रा देण्यात आल्या आणि त्या सुखरूप मानवल्या. सेप्सिसने अत्यवस्थ झालेल्या रुग्णांत मेलाटोनिनच्या स्रावाचे रात्र-दिवसाचे चक्रच मोडलेले असते, असे व्हिएन्नातील संशोधकांनी २००२ सालीच नोंदविले होते. शरीराला ज्या घडीला या द्रव्याची गरज असण्याची शक्यता आहे, नेमकी त्याच घडीला त्याची लय हरपते.

मोहाला लगाम हवा

एवढे वाचून कोणी घरातील रुग्णाला मेलाटोनिन देण्यास धावेल, तर तो घोर प्रमाद ठरेल. सेप्सिसचा इतिहास हा भंगलेल्या आशांचा इतिहास आहे. टी.एन.एफ. रोखणाऱ्या प्रतिपिंडांनी उंदीर वाचविले होते. १९९०च्या दशकातील मानवी चाचण्यांत त्यांच्याकडून अपेक्षाभंग झाला. झायग्रिस या महागड्या औषधाला अमेरिकेत २००१ साली परवानगी मिळाली, त्याचा मोठा गाजावाजा झाला आणि नव्या चाचणीत ते निरुपयोगी ठरल्यावर २०११ साली ते बाजारातून मागे घ्यावे लागले.

सर्वांत बोलका धडा ‘क’ जीवनसत्त्वाचा आहे, कारण तेही मेलाटोनिनसारखेच स्वस्त, परिचित आणि निरुपद्रवी समजले जाणारे द्रव्य. २०१७ साली अमेरिकेतील एका रुग्णालयाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ‘क’ जीवनसत्त्व, स्टेरॉईड आणि थायमिन दिलेल्या ४७ रुग्णांपैकी ८.५ टक्के दगावले. त्याआधीच्या काळात हे मिश्रण न मिळालेल्या ४७ रुग्णांत हेच प्रमाण ४०.४ टक्के होते. जगभर आशेची लाट उसळली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या काटेकोर चाचणीत या मिश्रणाचा लाभ दिसला नाही. २०२२ साली ८७२ रुग्णांच्या चाचणीत तर केवळ ‘क’ जीवनसत्त्व शिरेतून दिलेल्या गटात मृत्यू किंवा अवयवांचा दीर्घ बिघाड यांचे एकत्रित प्रमाण ४४.५ टक्के आणि निष्क्रिय द्रव दिलेल्या गटात ३८.५ टक्के निघाले. निरुपद्रवी मानलेले औषध अपायकारक ठरण्याची चिन्हे दिसली. वीस बालकांच्या अभ्यासावर विसंबून मेलाटोनिनचा जयघोष करणाऱ्यांनी हा इतिहास उशाशी ठेवावा.

मेलाटोनिनच्या बाबतीत आणखी काही अडचणी आहेत. प्रयोगशाळेत प्राण्याला औषध बहुधा रोग सुरू होण्याआधी किंवा सुरू होताच मिळते. खरा रुग्ण रुग्णालयाच्या दारात पोहोचतो, तेव्हा आग बरीच पसरलेली असते. उंदीर हा निशाचर प्राणी, आणि प्रयोगांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या सी-५७ ब्लॅक-६ या जातीच्या उंदरांची पिनिअल ग्रंथी जनुकीय दोषामुळे मेलाटोनिन जवळपास तयारच करीत नाही. ज्याच्या शरीरात ते मुळातच नाही, त्याला दिल्यावर दिसणारा परिणाम माणसात तसाच दिसेल, हे गृहीत कसे धरावे? डेन्मार्कमध्ये निरोगी स्वयंसेवकांना जंतुविष टोचून केलेल्या प्रयोगांत, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दिवसा दिलेल्या मेलाटोनिनने दाहाच्या काही खुणा घटल्या. रात्रीच्या प्रयोगात मात्र तसा लाभ आढळला नाही.

मात्रेचा प्रश्नही सोपा नाही. प्राण्यांना दर किलो वजनामागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा दिली जाते. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने रूपांतर केले, तर साठ किलोच्या माणसाला ती सुमारे ५० ते १०० मिलिग्रॅम भरते. झोपेसाठीची गोळी सामान्यतः ३ मिलिग्रॅमच्या आसपास असते. शिवाय मेलाटोनिनचे विघटन यकृतच करते. पोटातून दिलेल्या मात्रेचा मोठा भाग निरोगी यकृत पहिल्याच फेरीत निकामी करून टाकते. तेच यकृत घायाळ असेल, तर औषध रक्तात किती साचेल आणि किती वेळ टिकेल, हे रुग्णागणिक बदलेल. ज्या अवयवाला वाचवायचे, त्याच्याच दुखापतीवर मात्रेचे गणित अवलंबून, असा हा पेच आहे. तो अंदाजाने सुटणारा नाही.

पेटंट नाही, म्हणून पालक नाही

थोडक्यात, आशेला आधार आहे आणि शंकेलाही. अशा वेळी शास्त्राचा मार्ग एकच. हजारो रुग्णांची, चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निःपक्षपाती विभागणी केलेली मोठी चाचणी घ्यावी आणि निकाल जो लागेल तो स्वीकारावा. तशी निर्णायक चाचणी सेप्सिसमधील यकृतहानीसाठी झालेली नाही. मेलाटोनिनची मोठी चाचणी कोठे झालीच नाही, असे नव्हे. ऑस्ट्रेलियात ८५० अत्यवस्थ रुग्णांना रोज ४ मिलिग्रॅम मेलाटोनिन किंवा निष्क्रिय औषध देऊन झालेल्या चाचणीचा निकाल २०२२ साली आला. परंतु तिचा विषय भ्रमिष्टपणा टाळण्याचा होता. त्यात लाभ दिसला नाही, आणि मात्राही दाहशमनाच्या मात्रेच्या मानाने किरकोळ होती.

यकृतासाठीची चाचणी का झाली नाही, याचे कारण औषधशास्त्रापेक्षा अर्थशास्त्रात अधिक सापडते. मेलाटोनिनचा रेणू १९५८पासून जगाला ठाऊक आहे. त्यावर कोणाची मक्तेदारी नाही. उद्या ते सेप्सिसवर गुणकारी ठरले, तर परवा शंभर कारखाने ते बनवतील आणि किंमत तळाला जाईल. रुग्णाच्या दृष्टीने हे वरदान, पण गुंतवणूकदाराच्या दृष्टीने दिवाळखोरी! चाचणीवर कोट्यवधी रुपये खर्च करून त्याचे फळ सर्वांना फुकट वाटण्याचा व्यवहार कोणतीही खाजगी कंपनी करणार नाही. तिला दोष देण्यातही अर्थ नाही, कारण नफा हे तिचे घोषित उद्दिष्ट आहे. बाजार जेथे थांबतो, तेथून राज्यसंस्थेचे कर्तव्य सुरू होते.

ही गोष्ट अशक्य नाही, हे ब्रिटनने २०२० साली दाखवून दिले. डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त दाहशामक स्टेरॉईड. सरकारी निधीच्या पाठबळाने आणि सरकारी रुग्णालयांच्या जाळ्यातून त्याची हजारो कोरोनाग्रस्तांवर चाचणी झाली. काही महिन्यांत उत्तर मिळाले. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले आणि गरिबातल्या गरीब देशालाही परवडणारे औषध जगाच्या हाती आले.

भारताने मनावर घ्यावे

भारतालाही असा वारसा आहे. महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातील स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्याचे आणि सेप्सिस ओळखून घरीच प्रतिजैविके देण्याचे शिक्षण दिले. ३९ गावांत हा प्रयोग झाला आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली गेली. तुलनेतील गावांच्या मानाने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ने छापला. ओडिशाच्या खेड्यांतील ४,५५६ नवजात बालकांवर उपकारक जीवाणूंची चाचणी झाली आणि सेप्सिस व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आल्याचे २०१७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही उपाय स्वस्त, दोन्ही भारतीय मातीत पारखलेले आणि दोन्हींना जगाची मान्यता.

अशीच पारख एखादा लाडका समज खोडून काढू शकते, हेही भारताने अनुभवले आहे. २०२० साली कोरोनावर रक्तद्रव उपचाराची चढाओढ लागली असताना भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांना तीन महिन्यांच्या आत सामावून घेऊन चाचणी पूर्ण केली. उपचाराचा लाभ दिसला नाही. पुढे मे २०२१मध्ये मार्गदर्शक सूचनांतून तो वगळण्यात आला. नकारार्थी निकालही राष्ट्राची सेवाच असते. त्यामुळे कुटुंबांची वणवण थांबते.

यावर एक आक्षेप येईल. जेथे साधी हातधुणी नीट होत नाही, खेड्यातील रुग्ण वेळेवर रुग्णालयात पोहोचत नाही, प्रतिजैविकांच्या गैरवापराने जंतू मुजोर झाले आहेत, तेथे मेलाटोनिनच्या चाचणीचे कौतुक कशाला? आक्षेपात तथ्य आहे. वेळेत निदान, पहिल्या तासांत योग्य प्रतिजैविक, शिरेतून द्रव आणि संसर्गाच्या मूळ जागेचा निचरा, हाच सेप्सिसवरील उपचारांचा कणा आहे आणि कोणतीही गोळी त्याची जागा घेणार नाही. पण एक काम अपुरे आहे म्हणून दुसरे हातीच घ्यायचे नाही, हा युक्तिवाद आळशी मनाचा आहे. उलट प्रतिजैविके जेथे निष्प्रभ होत चालली आहेत, तेथे जंतूंऐवजी दाहाला लक्ष्य करणाऱ्या उपायाची गरज अधिकच तीव्र आहे.

चाचणीची रूपरेषा कठीण नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे जाळे देशभर आहे आणि तेथील अतिदक्षता विभागांत सेप्सिसच्या रुग्णांची दुर्दैवाने वाण नाही. बिलिरुबिन चढलेल्या रुग्णांचे दोन गट करावेत. एकाला नळीतून ठरलेली मात्रा, दुसऱ्याला निष्क्रिय औषध. बाकी उपचार दोघांनाही तेच आणि तितकेच उत्तम. आधी छोट्या टप्प्यात रक्तातील औषधाची पातळी मोजून मात्रा निश्चित व्हावी. रक्ततपासणीचे आकडे सुधारले एवढ्यावर समाधान न मानता, अठ्ठाविसाव्या दिवशी किती रुग्ण जिवंत आहेत, हा निकष ठेवावा. औषध प्रमाणित दर्जाचेच हवे. अमेरिकेत २०२३ साली तपासलेल्या मेलाटोनिनच्या २५ पूरक उत्पादनांपैकी २२ उत्पादनांवरील मजकूर आतील मात्रेशी जुळला नव्हता. बेशुद्ध रुग्णाच्या वतीने नातेवाइकांची संमती त्यांच्या भाषेत समजावून घ्यावी. अपाय दिसताच चाचणी थांबविण्याचा अधिकार स्वतंत्र समितीकडे असावा. २०१९च्या नियमांत नैतिक समिती आणि नुकसानभरपाईची तरतूद आहे, तिचे काटेकोर पालन व्हावे. चाचणीची आगाऊ नोंद २००७पासून कार्यरत असलेल्या राष्ट्रीय नोंदवहीत व्हावी आणि निकाल अनुकूल असो वा प्रतिकूल, तो प्रसिद्ध व्हावा.

तोपर्यंत डॉक्टरांनी चाचणीबाहेर मेलाटोनिनला यकृतरक्षक म्हणून वापरण्याचा मोह टाळावा आणि नातेवाइकांनी त्याचा आग्रह धरू नये. झोपेची गोळी घेतल्याने सेप्सिस टळतो, असा समज तर मुळीच करून घेऊ नये. ताप किंवा संसर्गासोबत धाप, गुंगी, घटलेली लघवी, थंड पडलेले हातपाय अशी लक्षणे दिसली, की घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

मेलाटोनिन यकृताला तारील की नाही, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ते शोधून काढण्याची विद्या, मनुष्यबळ आणि रुग्णालये भारतापाशी आहेत. ज्या औषधाला पेटंट नाही, त्याला राष्ट्राने पालकत्व द्यावे. वर्षाकाठी लाखो घरांत सेप्सिसमुळे दिवा विझत असताना हा प्रश्न परदेशी प्रयोगशाळांच्या सवडीवर सोडून देणे भारताला शोभणारे नाही.